स्कूल बजेट, ऑडिट आणि आपला प्रॉपर्टी टॅक्स: मार्चमध्ये काय बघायचं, कुणाला काय विचारायचं

रानजाई

नमस्कार मंडळी. आमच्या स्कूल डिस्ट्रिक्टचं टेंटेटिव्ह (कच्चं) बजेट मागच्या आठवड्यात बोर्डानं पास केलं. सेंट्रल जर्सी, गावाचं नाव मुद्दाम देत नाहीये. लेव्ही, म्हणजे शाळेसाठी प्रॉपर्टी टॅक्समधून उभी करायची एकूण रक्कम, २ टक्क्यांच्या वर वाढतेय, मिडल स्कूलची लायब्रेरियनची पोस्ट जातेय, कर्टसी बसला (शाळेच्या जवळ राहणाऱ्या मुलांसाठीची बस) आता पैसे भरावे लागणार आणि एलिमेंटरीचा ऑर्केस्ट्रा बंद. व्हॉट्सॲप ग्रुपवर तेव्हापासून नुसता संताप चाललाय, एवढा टॅक्स भरतो तो जातो कुठे, मेयरला पुढच्या वेळी मत देऊ नका वगैरे वगैरे.

राग मलाही आलाय, माझी मुलगी त्याच ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवते. पण मेयरचा ह्यात काही संबंध नाही हो. टाऊन फक्त टॅक्स गोळा करून शाळेचा वाटा बोर्डाला देतं, शाळेचं बजेट ठरवतं ते निवडून दिलेलं स्कूल बोर्ड, आणि ज्या बोर्डाच्या निवडणुकीला आपल्यातले किती जण मत द्यायला जातात ते आपल्याला माहितीये. न्यू जर्सीत सरासरी प्रॉपर्टी टॅक्स वर्षाला १०,००० डॉलरच्या वर गेलाय आणि त्यातला साधारण अर्धा शाळेचा असतो. म्हणजे बहुतेक घरांत मॉर्गेज सोडलं तर हाच सगळ्यात मोठा खर्च. टीव्ही घेताना चार वेबसाइट बघणारे आपण ह्या खर्चाचा एक कागद उघडून बघत नाही, ह्याचं मला खरंच वाईट वाटतं.

दुसरी गोष्ट फार जणांना माहीत नाही. पूर्वी एप्रिलमध्ये शाळेच्या बजेटवर लोक मतदान करायचे, नाही म्हणायचे, बजेट परत जायचं. २०१२ पासून कायदा असा आहे की डिस्ट्रिक्टनं बोर्डाची निवडणूक नोव्हेंबरला नेली आणि लेव्ही कॅपच्या, म्हणजे वर्षाला २ टक्के वाढीच्या मर्यादेच्या, आत ठेवली तर बजेटला लोकांचं मतच लागत नाही. बहुतेक सगळ्या डिस्ट्रिक्टनी तेच केलंय. मग आपल्या हातात उरतं काय, तर एक पब्लिक हिअरिंग, एप्रिलच्या शेवटी नाहीतर मेच्या पहिल्या आठवड्यात. ते झालं की विषय संपला. नवीन रेटचं बिल ऑगस्टमध्ये येतं आणि सगळे तेव्हा जागे होतात, तेव्हा काही म्हणजे काही करता येत नाही.

ह्या धाग्यात भांडण नकोय. ज्यांना ऑडिट रिपोर्ट वाचता येतो, ज्यांनी ह्या क्षेत्रात काम केलंय त्यांनी कृपया लिहा, बाकीच्या राज्यातल्यांनी पण लिहा. हिअरिंगला जायच्या आधी नीट तयारी करायचीय.

अभय_के

चांगला धागा ताई. मी सीपीए (इथला सीए) आहे, नोकरीची बरीच वर्षं टाऊन आणि शाळांची ऑडिट्स करण्यात गेली, आता दुसरीकडे आहे त्यामुळे मोकळेपणानं लिहितो.

तीन कागद लागतात, तिन्ही फुकट मिळतात. पहिला यूजर फ्रेंडली बजेट. हा कायद्यानं वेबसाइटवर टाकावाच लागतो, आणि त्यात सुपरिटेंडेंट (डिस्ट्रिक्टचा प्रमुख) वगैरे मंडळींच्या कॉन्ट्रॅक्टचे तपशील सुद्धा असतात. दुसरा म्हणजे वार्षिक ऑडिटेड रिपोर्ट, एसीएफआर म्हणतात, दीडदोनशे पानांचा असतो, घाबरू नका. तिसरा ऑडिटर्स मॅनेजमेंट रिपोर्ट, एएमआर, हा छोटासा असतो, आणि माझ्या मते सामान्य माणसानं सगळ्यात आधी हाच वाचावा.

वर्ष ३० जूनला संपतं, त्यानंतर पाच महिन्यांत ऑडिट पूर्ण करायचं असतं, म्हणजे डिसेंबरच्या सुरुवातीला रिपोर्ट राज्याकडे जातो. रिपोर्ट हातात आल्यापासून ३० दिवसांत बोर्डानं तो पब्लिक मीटिंगमध्ये घ्यायचा, शिफारशी वाचायच्या, आणि शिफारशी असतील तर करेक्टिव्ह ॲक्शन प्लॅन पास करायचा. ही मीटिंग डिसेंबर-जानेवारीत होते आणि हॉल रिकामा असतो. मी ऑडिटर म्हणून अशा मीटिंगांना उभा राहिलोय, समोर बोर्ड, बिझनेस ॲडमिनिस्ट्रेटर (डिस्ट्रिक्टचे पैशांचे व्यवहार बघणारा अधिकारी) आणि मागे कुणीच नाही. चार मिनिटात आयटम संपतो.

एएमआरमध्ये काय शोधायचं? एक्सेस सरप्लसचं गणित त्यातच असतं. जनरल फंडात (रोजच्या खर्चाचं मुख्य खातं) खर्चाच्या २ टक्के (किंवा अडीच लाख डॉलर, जे जास्त असेल ते) एवढीच मोकळी शिल्लक ठेवायची परवानगी आहे, त्यावरची रक्कम पुढच्या बजेटमध्ये टॅक्सचा भार हलका करायला वापरावीच लागते. आणि फाइंडिंग्ज, म्हणजे ऑडिटरला सापडलेल्या त्रुटी. मागच्या वर्षीचीच शिफारस परत आली असेल तर तो सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, की गेल्या वर्षी प्लॅन पास केलात मग झालं काय.

कोरांटी

अभयजी, तुमची पोस्ट वाचून लगेच आमच्या डिस्ट्रिक्टचा एसीएफआर उघडला. सी-१ नावाचं टेबल आहे त्यात खर्च बजेटपेक्षा कितीतरी मिलियननी जास्त दिसतोय!! शेवटच्या कॉलममध्ये सगळं कंसात, म्हणजे उणे. हे लोकांना सांगितलंच नाही कुणी. हे तर सरळ सरळ जास्तीचा खर्च झालाय ना? आमच्या ग्रुपवर टाकू का?

अभय_के

थांबा, ग्रुपवर टाकू नका अजून. खाली खाली जा, "ऑन-बिहाफ" असं लिहिलेल्या तीन-चार ओळी सापडतील, टीपीएएफ (शिक्षकांचा पेन्शन फंड) पेन्शन, रिटायर्ड शिक्षकांचं मेडिकल, सोशल सिक्युरिटी. शिक्षकांच्या पेन्शनचा मालकाचा वाटा न्यू जर्सीत राज्य सरकार भरतं, डिस्ट्रिक्टच्या खिशातून जात नाही, पण अकाउंटिंगच्या नियमानं तो डिस्ट्रिक्टच्या पुस्तकात दाखवावा लागतो. बजेटमध्ये शून्य, ॲक्च्युअलमध्ये पूर्ण रक्कम. आता वर उत्पन्नाच्या भागात बघा, तीच रक्कम तिथे पण जास्तीची दिसेल. दोन्ही काढून टाका आणि मग फरक बघा.

सी-१ हेच ते टेबल जिथे खरं वाचन करायचं. पाच कॉलम असतात, मूळ बजेट, वर्षात केलेल्या ट्रान्स्फर, अंतिम बजेट, प्रत्यक्ष खर्च, आणि फरक. लोक पहिला आणि चौथा बघतात. तुम्ही दुसरा बघा. समजा स्पेशल एज्युकेशनच्या मुलांना बाहेरच्या प्रायव्हेट शाळेत पाठवायची ट्यूशन, ही ओळ २ मिलियनची धरली, वर्षाच्या मध्ये त्यातून ४ लाख काढून दुसरीकडे टाकले, शेवटी खर्च दीड मिलियन. एका वर्षी असं होणं अगदी रास्त आहे, कारण एखादं मूल ऑक्टोबरमध्ये डिस्ट्रिक्टमध्ये आलं की एका फटक्यात लाखभर डॉलर जातात आणि ते द्यावेच लागतात. पण लागोपाठ तीन वर्षांचे रिपोर्ट शेजारी ठेवले आणि दर वर्षी त्याच ओळीत तेवढीच चरबी दिसली तर मग विचारायचं, की बाबांनो, ही ओळ आपण फुगवून धरतो का, आणि इथून निघालेले पैसे दर वर्षी कुठल्या ओळीत जातात. मोठ्या ट्रान्स्फरला, म्हणजे १० टक्क्यांच्या वरच्या, काउंटी सुपरिटेंडेंटची (राज्याचा काउंटीतला शिक्षण अधिकारी) मंजुरी लागते. त्याखालच्या बोर्डाच्या महिन्याच्या अजेंड्यात असतात, कन्सेंट अजेंडा म्हणून एका मतात पास होतात.

तीन वर्षं शेजारी ठेवणं हे विसरू नका. एका वर्षाच्या रिपोर्टवरून कुणावरही आरोप करता येत नाही.

शलाका_जे

सगळं बरोबर आहे पण प्रत्यक्षात काय होतं ते सांगते. आम्ही आठदहा पालक गेलो होतो हिअरिंगला. माइकवर तीन मिनिटं. मी विचारलं की ॲडमिनिस्ट्रेशनच्या पोस्ट का वाढल्या, तर प्रेसिडेंट म्हणाले थँक यू फॉर युवर कमेंट, नेक्स्ट. उत्तर देणं त्यांच्यावर बंधनकारक नाही म्हणे. घरी येऊन रडायला आलं मला. एवढी तयारी करून गेले होते. मग कशाला जायचं?

रानजाई

शलाका, जायचं. कळतंय मला किती लागतं ते. पण माइक ही शेवटची पायरी धर. न्यू जर्सीत प्रत्येक बोर्डाच्या मीटिंगमध्ये पब्लिक कमेंटसाठी वेळ ठेवणं कायद्यानं सक्तीचं आहे, उत्तर देणं सक्तीचं नाही हे पण खरं. म्हणून प्रश्न आधी लेखी द्यायचा, बिझनेस ॲडमिनिस्ट्रेटरला ईमेल, बोर्डाला सीसी, आणि त्यात पानाचा नंबर, ओळीचं नाव. "ॲडमिनिस्ट्रेशन का वाढलं" ह्याला उत्तर टाळता येतं. "यूजर फ्रेंडली बजेटमधली सेंट्रल सर्व्हिसेस ही ओळ गेल्या वर्षीच्या सुधारित आकड्यापेक्षा एवढ्यानं वाढली, त्यात नवीन पोस्ट किती आणि करारातली पगारवाढ किती" ह्याला टाळता येत नाही, कारण उत्तर त्यांच्या एका स्प्रेडशीटमध्ये तयार असतं. मग हिअरिंगला माइकवर एवढंच म्हणायचं की अमुक तारखेला हे विचारलं होतं, उत्तर मिळालं किंवा मिळालं नाही. ते मिनिट्समध्ये जातं. आमच्याकडे शेजारच्या एका बाईंनी हे नेटानं केलं आणि त्यांना उत्तरं मिळाली, पूर्ण समाधान नाही झालं, पण आकडे मिळाले.

पीव्हीके_लाँगआयलंड

न्यूयॉर्कमधून लिहितोय. आमच्याकडे अजून बजेटला मतदान आहे, मे महिन्याचा तिसरा मंगळवार. टॅक्स कॅप ओलांडायचा असेल तर ६० टक्के मतं लागतात, दोनदा पडलं तर कंटिन्जन्सी (काटकसरीचं) बजेट आणि लेव्ही एक डॉलरनं वाढवता येत नाही. पण मतदान आहे म्हणून सगळं सुरक्षित असं अजिबात समजू नका, आणि त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण आमच्या शेजारचं आहे, रॉझ्लिन.

नवीन लोकांना माहीत नसेल म्हणून लिहितो. रॉझ्लिन म्हणजे नासाऊ काउंटीतलं श्रीमंत डिस्ट्रिक्ट, मुलं उत्तम कॉलेजांत जायची, घरांच्या किमती चढत्या, सुपरिटेंडेंट फ्रँक टॅसोन म्हणजे गावाचा लाडका माणूस. २००२ मध्ये कळलं की बिझनेसचं काम बघणाऱ्या असिस्टंट सुपरिटेंडेंट पामेला ग्लुकिन ह्यांनी डिस्ट्रिक्टच्या कार्डावर घरची खरेदी केलीय. बोर्डानं काय करावं? पोलिसात जाण्याऐवजी बाईंनी पैसे परत करावेत आणि गुपचूप निघून जावं असं ठरलं. गावाला पत्ता नाही. २००४ मध्ये एक निनावी पत्र आलं, हायस्कूलच्या मुलांच्या वर्तमानपत्रानं बातमी छापली, आणि मग सगळं बाहेर आलं. राज्याच्या कंट्रोलरच्या (सरकारी हिशोब तपासणारा अधिकारी) ऑफिसनं २००५ मध्ये जो ऑडिट रिपोर्ट काढला त्यात आकडा आला १ कोटी १२ लाख डॉलर. टॅसोन आणि ग्लुकिन दोघांनी गुन्हा कबूल केला, तुरुंगात गेले.

मला त्यात सगळ्यात जास्त काय खुपतं सांगू? दर वर्षी बाहेरच्या ऑडिटरचा शिक्का होता. दर वर्षी! बोर्डावरची माणसं शिकलेली, आपापल्या धंद्यात हुशार, पण बिलं कुणी तपासत नव्हतं आणि रिझल्ट चांगला आहे म्हटल्यावर कुणी विचारत नव्हतं. त्यानंतर राज्यानं २००५ मध्ये कायदा केला, बोर्ड मेंबरला फायनान्सचं सहा तासांचं ट्रेनिंग, ऑडिट कमिटी, इंटर्नल ऑडिट, बाहेरचा ऑडिटर नेमताना किमान पाच वर्षांतून एकदा खुली निविदा, आणि कंट्रोलरकडून राज्यातल्या सगळ्या डिस्ट्रिक्टचं ऑडिट. ते रिपोर्ट कंट्रोलरच्या साइटवर आहेत, साध्या इंग्रजीत, आपल्या डिस्ट्रिक्टचं नाव टाकून बघा.

अभय_के

रॉझ्लिनचं बरं काढलंत. "क्लीन ओपिनियन" मिळालं म्हणजे चोरी नाही, उधळपट्टी नाही असा अर्थ होत नाही. त्याचा अर्थ एवढाच की आर्थिक पत्रकं सर्व महत्त्वाच्या बाबतीत नियमानुसार आणि योग्य मांडली आहेत. ऑडिटर सगळी बिलं बघत नाही, नमुना काढतो. त्यानं हे सांगायचं नसतं की लायब्रेरियन काढायचा का असिस्टंट प्रिन्सिपल. तो निर्णय आपला आणि बोर्डाचा.

पण छोट्या फाइंडिंग्जकडे दुर्लक्ष करू नका. शाळांच्या ऑडिटमध्ये नेहमी येणाऱ्या म्हणजे, इनव्हॉइस आधी आणि परचेस ऑर्डर नंतर काढलेली. स्टुडंट ॲक्टिव्हिटीचे पैसे (ट्रिप, इयरबुक, क्लब) वेळेत बँकेत न भरलेले. कॅफेटेरियाच्या फंडात तीन महिन्यांच्या सरासरी खर्चापेक्षा जास्त रोकड साठलेली. १५ ऑक्टोबरच्या पटसंख्येत आणि राज्याला कळवलेल्या आकड्यात फरक, आणि हा फरक महत्त्वाचा कारण राज्याची मदत त्या पटावर ठरते. रक्कम लहान असते, पण परचेस ऑर्डर नंतर काढायची सवय असलेल्या ऑफिसात खर्च मंजूर होण्याआधीच झालेला असतो, आणि तिथूनच पुढचं सगळं सुरू होतं.

रोहिणी७४

मी एका पब्लिक स्कूलमध्ये पॅराप्रोफेशनल (वर्गात शिक्षकांची मदतनीस) आहे, ह्या धाग्यावर लिहू का नको असा विचार करत होते. लिहितेच. दर वर्षी बजेट आलं की लोक शिक्षकांच्या पगाराची यादी काढून फिरवतात, नावासकट. पब्लिक रेकॉर्ड आहे मान्य, पण माणसांना किती लागतं ते बघा. पगार हा बजेटचा सगळ्यात मोठा भाग असणारच, शाळा म्हणजे माणसंच तर असतात. आणि माझ्यासारखीचा पगार बघितलात तर तुम्हालाच वाटेल हिला हेल्थ इन्शुरन्स तरी मिळू दे.

दोन कारणं सांगते ज्यावर कुणी बोलत नाही. एक, हेल्थ इन्शुरन्सचा प्रीमियम. लेव्हीला कॅप २ टक्क्यांची, आणि प्रीमियम त्याच्या कितीतरी पट वाढतो. ते भरून काढायला कुठून तरी माणूस कमी होतोच. कॅपमध्ये हेल्थसाठी थोडी जास्तीची सूट मिळते, आणि मागच्या तीन वर्षांत न वापरलेला कॅप "बँक" करून ठेवलेला असेल तर तो वापरता येतो, रानजाईंच्या डिस्ट्रिक्टची लेव्ही २ च्या वर गेली ती बहुतेक ह्यातूनच, बघा. दुसरं, कोविडचे फेडरल पैसे. तीन हप्त्यांत आले, शेवटचा हप्ता सप्टेंबर २०२४ पर्यंत वापरायचा होता. काही ठिकाणी त्यातून काउन्सेलर, इंटरव्हेन्शनचे शिक्षक घेतले. मुलांना गरज होती, चुकीचं नाही केलं. पण पैसे एकदाच येणारे आणि पगार दर वर्षीचा. पैसे संपले, मूल तिथेच आहे, आणि तिची काउन्सेलर गेली. मी बघितलंय ते मूल. नववीतली मुलगी, रोज लंचला त्या काउन्सेलरच्या खोलीत बसायची.

आणि स्टेट एडचं पण बघा. २०१८ च्या एस-२ कायद्यानं सात वर्षांत फॉर्म्युल्याप्रमाणे मदतीचं फेरवाटप झालं, जर्सी सिटी, टॉम्स रिव्हरसारख्यांची मदत खूप कमी झाली, काहींची वाढली. तुमच्या डिस्ट्रिक्टचं काय झालं ते बोर्डाच्या हातात नव्हतं. ज्याच्या हातात जे नाही त्याच्यावर त्याबद्दल ओरडू नका एवढंच म्हणणं.

हेमंत_प्लानो

टेक्सासचं चित्र वेगळंच आहे. इथे बिलावर आयएसडीचे (इथल्या स्कूल डिस्ट्रिक्टचं नाव) दोन रेट असतात, एम अँड ओ म्हणजे रोजचा खर्च, पगार, वीज, आणि आय अँड एस म्हणजे बाँडचं कर्ज फेडायला. स्टेडियम बांधलं म्हणून शिक्षकांचे पगार कमी झाले असं लोक म्हणतात ते चूक आहे, बाँडचे पैसे पगाराला वापरताच येत नाहीत. प्लानोसारख्या ठिकाणी घरांच्या किमती जास्त म्हणून एम अँड ओचा मोठा हिस्सा रीकॅप्चर म्हणून राज्याकडे जातो, १९९३ पासूनचा कायदा, रॉबिन हूड म्हणतात लोक. आणि राज्याचा बेसिक अलॉटमेंट दर मुलामागे ६,१६० डॉलर, २०१९ ला ठरला तो २०२५ पर्यंत तिथेच, मग फक्त ५५ डॉलर वाढले. मधल्या काळात महागाई किती झाली बघा. म्हणजे घराची किंमत वाढली, टॅक्स भरला, तरी शाळेच्या हातात त्या प्रमाणात काहीच येत नाही, हे मला समजायला फार वेळ लागला आणि समजल्यावर खरंच चीड आली.

एक चांगली गोष्ट, इथे बऱ्याच आयएसडी दर महिन्याचं चेक रजिस्टर वेबसाइटवर टाकतात. कुणाला किती डॉलरचा चेक गेला, सगळं. शिवाय फर्स्ट नावाचं राज्याचं आर्थिक रेटिंग आहे आणि त्यावर पब्लिक मीटिंग घ्यावी लागते.

फ्रीमाँटकर

कॅलिफोर्नियातून एकच भर. इथे प्रॉप ३९ ह्या कायद्याखाली ५५ टक्के मतांनी बाँड पास होतो, पण त्याची अट म्हणून सिटिझन्स ओव्हरसाइट कमिटी नेमावी लागते, किमान सात जण, त्यात टॅक्सपेयर संघटनेचा, सीनियर, पालक असे प्रतिनिधी. आपल्या लोकांनी ह्या कमिट्यांसाठी अर्ज करावेत. जागा रिकाम्या राहतात हो, आणि इंजिनियर, कन्स्ट्रक्शनवाले, अकाउंटंट ह्यांची तिथे खरी गरज आहे.

गुरुजी_माणदेश

मी सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषद शाळेवर मुख्याध्यापक आहे. आपल्या चर्चेतलं निम्मं मला नवीन, पण निम्मं अगदी ओळखीचं वाटलं म्हणून लिहितो. आमच्याकडं शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समिती असते, त्यात तीन चतुर्थांश पालक, आणि निम्म्या महिला. शाळा विकास आराखडा समितीनं करायचा. अनुदान पटावर येतं, खडू, वीजबिल, दुरुस्ती सगळं त्यात बसवायचं. कॅशबुक मीच लिहितो, पावत्या मीच लावतो, ऑडिटला आक्षेप आला तर अनुपालन मीच पाठवतो.

समितीच्या सभेत मी खर्च वाचून दाखवतो. सुरुवातीला आयाबाया अंगठा करून निघून जायच्या. मग मी रकमा फळ्यावर लिहायला लागलो, एवढे आले, एवढे पंख्याला, एवढे नळाला. त्या दिवशी एक माउली म्हणाली, गुरुजी, नळाला एवढे कसे, आमच्या वस्तीवर प्लंबरनं ह्याच्या निम्म्यात केलं. तिचं बरोबर होतं. पुढच्या वेळी तिनं सांगितलेल्या माणसाकडून काम घेतलं. तुमच्याकडं कोटीतले आकडे, पण समोरच्याला कळेल असं मांडणं हे वाचणाऱ्यानं नाही, मांडणाऱ्यानं करायचं काम आहे असं माझं प्रामाणिक मत. दीडशे पानं वेबसाइटवर टाकली म्हणजे सांगितलं असं होत नाही.

अभय_के

गुरुजी, तुमचं शेवटचं वाक्य प्रत्येक बिझनेस ॲडमिनिस्ट्रेटरच्या टेबलावर लावायला हवं.

नवा_पालक_एच१बी

आम्ही भाड्यानं राहतो, एच-१बी वर आहोत, मुलगा यंदा केजीत जाणार. आम्हाला ह्यात बोलायचा हक्क आहे का? टॅक्स आम्ही थेट भरत नाही. मागच्या वेळी शेजारी म्हणाले तुम्ही कशाला पडता ह्यात.

रानजाई

आहे, शंभर टक्के आहे. मतदान करता येणार नाही, सिटिझनशिप लागते. पण मीटिंगला जाऊन पब्लिक कमेंटला बोलता येतं. आणि घरमालक टॅक्स भाड्यातच धरतो, तेव्हा भरता तुम्हीच. मुलगा तिथे शिकणार, ह्याहून मोठं कारण कशाला हवं. या तुम्ही.

कागद मागायला पण तुम्हाला अडचण नाही. ओप्रा (ओपन पब्लिक रेकॉर्ड्स ॲक्ट) म्हणजे आपल्या माहिती अधिकारासारखाच कायदा, इथे साधारण सात कामाच्या दिवसांत उत्तर द्यायचं असतं. ईमेलवर पीडीएफ मागितलीत तर सहसा पैसे लागत नाहीत, कागदावर हवं तर पानाला ५ सेंट. फक्त एक लक्षात ठेवा, प्रश्न विचारू नका, कागद मागा. "लीगल फी एवढी का झाली" हा ओप्रा होत नाही, नाकारतात. "१ जुलै ते ३० जून ह्या काळातली बोर्ड ॲटर्नीची सगळी इनव्हॉइसेस" हा होतो. काही मजकूर काळा करून देतील, पण तास आणि रकमा दिसतात.

शलाका_जे

रानजाई, तू वर लिहिलंस त्यावर विचार करतेय. अजून एक, आमच्याकडे म्हणतात पैसे नाहीत म्हणून पोस्ट काढतोय, आणि कॅपिटल रिझर्व्हमध्ये मात्र भरपूर पडलेत. हे कसं?

अभय_के

हा प्रश्न सगळीकडे येतो, त्यामुळे नीट सांगतो. यूजर फ्रेंडली बजेटमध्ये शिलकींचं एक पान असतं, रीकॅपिट्युलेशन ऑफ बॅलन्सेस, त्यात कॅपिटल रिझर्व्ह, मेंटेनन्स रिझर्व्ह, मोकळी शिल्लक, सगळं वर्षानुवर्षं दिसतं. रिझर्व्हमध्ये पैसे जातात कसे? जूनच्या मीटिंगमध्ये एक ठराव असतो, "अमुक रकमेपेक्षा जास्त नाही" अशा भाषेत, की वर्षाखेरीला उरलेली रक्कम कॅपिटल किंवा मेंटेनन्स रिझर्व्हमध्ये टाकू. कायदेशीर आहे. शहाणपणाचं पण असतं कितीदा, कारण छप्पर, बॉयलर, एसीचं काम रिझर्व्हमधून झालं तर बाँड काढून व्याज भरावं लागत नाही. पण त्याच वेळी ती रक्कम २ टक्क्यांच्या हिशोबातून बाहेर जाते, म्हणजे टॅक्स कमी करायला मिळत नाही. आणि कॅपिटल रिझर्व्हमधून उद्या लायब्रेरियनचा पगार देता येत नाही. म्हणून जूनच्या मीटिंगला जा. शाळा सुटायची वेळ, ग्रॅज्युएशनची गडबड, कुणी नसतं, आणि हा ठराव कन्सेंट अजेंड्यात असतो. विचारायचं ते हे, की कुठल्या इमारतीच्या कुठल्या कामासाठी, लाँग रेंज फॅसिलिटीज प्लॅनमध्ये ते आहे का, आणि गेल्या तीन वर्षांत टाकलेल्यातले प्रत्यक्ष किती वापरले.

कोरांटी

ऑन-बिहाफ काढून परत गणित केलं. फरक उलटा निघाला, खर्च बजेटपेक्षा कमी. ग्रुपवर कसं वाचायचं तेच टाकलं आता, स्क्रीनशॉटसकट. दोघीतिघींनी विचारलं जानेवारीची ऑडिटची मीटिंग कधी असते, कॅलेंडरला लावायचीय.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार, खूप शिकायला मिळालं. उद्या सकाळी हे पाठवतेय आमच्या बिझनेस ॲडमिनिस्ट्रेटरना, बोर्डाला सीसी. इथे मराठीत टाकते, कुणाला उपयोगी पडलं तर आपापले आकडे घालून वापरा.

"महोदय, टेंटेटिव्ह बजेटबद्दल पब्लिक हिअरिंगच्या आधी पुढील माहिती मिळावी ही विनंती. लेव्हीतली २ टक्क्यांवरची वाढ हेल्थ केअर ॲडजस्टमेंटमधून किती आणि बँक्ड कॅपमधून किती, आणि ह्या वर्षानंतर बँक्ड कॅप किती शिल्लक राहील. कोविडच्या फेडरल निधीतून सुरू केलेल्या पोस्टपैकी किती आता जनरल फंडात आहेत. गेल्या तीन वर्षांत जूनच्या ठरावांनी कॅपिटल रिझर्व्हमध्ये किती रक्कम टाकली, त्यातली कुठल्या कामाला वापरली. मागच्या ऑडिटमधली कुठली शिफारस त्याआधीच्या वर्षीही होती. कर्टसी बसची फी घेतल्यावर जे पालक ती भरू शकणार नाहीत त्यांच्या मुलांसाठी काय व्यवस्था आहे, कारण दोन मैलांच्या आतली मुलं हायवे ओलांडून चालत येणार आहेत. आणि एलिमेंटरी ऑर्केस्ट्रा बंद करून नेमकी किती बचत होते, शिक्षकाची पोस्ट जाते का दुसऱ्या शाळेत हलते. उत्तरं हिअरिंगच्या आधी वेबसाइटवर सर्वांसाठी टाकावीत."

अभयजी, एखादी ओळ चुकीच्या नावानं लिहिली असेल तर आज रात्रीत सांगा.

अभय_के

ठीक आहे सगळं. फक्त ऑडिटच्या प्रश्नात वर्ष घाला, ३० जून कुठल्या साली संपलेलं ते. नाहीतर जुन्या रिपोर्टचं उत्तर येईल.